देशपांडे काकूंचा काळा मसाला

"ही देशपांडे काकू कोण?" लोहकरे वकिलांनी विचारलं.

दादानं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. आई खुर्चीच्या टोकाला टेकून बसली होती. कुणाच्याही ऑफिसात गेली की ती अशीच बसायची, कुणी ऊठ म्हणायच्या आत उठता यावं म्हणून. पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, "ती व्हय? ती माझी सवत हाय."

वकील हसले. आम्ही दोघं हसलो नाही. घरात हा विनोद जुना झाला होता.

"गयाबाई, सवतीला ट्रेडमार्क मिळत नाही," वकील म्हणाले आणि समोरचा कागद त्यांनी दादाकडं सरकवला. "मुंबईहून हरकत आलीय. अर्जदार गयाबाई ओहोळ. नोंदवायचं नाव देशपांडे काकूंचा काळा मसाला. वर एका बाईचं चित्र. ते विचारतात, ही बाई कोण? जिवंत असेल तर तिची लेखी संमती आणा. वारली असेल तर वारसांची आणा. अशी कुणी नसेलच, तर तसं शपथेवर लिहून द्या, की नावही मनचं आणि चित्रही मनचं."

"मग सोपंय की," मी म्हणाले. "लिहून द्या. अशी बाई नाही. मसाला गयाबाई ओहोळ करते. विषय संपला."

"येडी का काय तू?" दादा जवळजवळ ओरडलाच. मग आवाज खाली आणून त्यानं वकिलांना विचारलं, "साहेब, हे लिहून दिलेलं कुणाला बघायला मिळतं का?"

"फाइल उघडी असते. फी भरली की कुणालाही नक्कल मिळते."

"ऐक," दादा मला म्हणाला. "ऐक आता."

मला ऐकायची गरज नव्हती. सगळं माझ्यासमोरच घडलेलं होतं.

आई बार्शीत कांडपगिरणीवर कामाला होती. गावातल्या बायका डब्यांतनं भाजलेला माल घेऊन यायच्या, स्टूल ओढून बसायच्या, नाकाला पदर लावून गप्पा मारायच्या, आणि आई त्यांचा मसाला कांडून द्यायची. दुसऱ्यांचे मसाले कांडता कांडता तिला कळत गेलं, कुणाचं कुठं चुकतं. कुणी धने जास्त भाजतं, कुणी दगडफूल कमी टाकतं, कुणी खोबरं लालसर झालं की घाबरून उतरवतं. आई खोबरं पार काळं होईस्तोवर कढईत ठेवायची, आणि जळायच्या ऐन आधी उतरवायची. ते ऐन आधी म्हणजे कधी, हे तिला विचारलं तर म्हणायची, "वासच सांगतो की."

तो मसाला भीमनगरातल्या घराघरांत जायचा. लग्नाकार्याला लोक तिच्याकडूनच न्यायचे. दादाची सूतगिरणीतली नोकरी सुटली तेव्हा त्यानं तो पुड्यांत भरला, वर छापलं 'ओहोळ मसाले, बार्शी', आणि कुदळे अण्णांच्या किराणा दुकानात ठेवला. अण्णा चांगला माणूस. पुडा फोडून, वास घेऊन म्हणाला, "चंद्रमणी, माल एक नंबर आहे." आणि समोरच्या फळीवर ठेवला.

मी त्या दिवशी तिथं होते. एका बाईनं पुडा उचलला, नाकाला लावला, तिचा चेहरा खुलला. मग तिनं पुडा फिरवून नाव वाचलं. पुडा होता तिथं परत ठेवला आणि हात साडीला पुसला.

हात पुसला. पुडा बंद होता, एक कण बाहेर आलेला नव्हता.

आम्ही बौद्ध. गावाच्या तोंडात अजून महारच. आमच्या हातनं रस्ता झाडून चालतो, गटार उपसून चालतं, त्यांच्या घरचं भाजलेलं कांडूनही चालतं. पण आमच्या चुलीवर भाजलेला माल त्यांच्या आमटीत चालत नाही. हे कुणी तोंडानं बोलत नाही. सगळे पुरोगामी झालेत. पुडा तेवढा परत फळीवर जातो.

सगळेच पुडे परत आले. दादा चार दिवस जेवला नाही. मग अनवर पेंटरकडं गेला. अनवरभाईनं विचारलं, "कशी काढू बाई?" दादा म्हणाला, "अशी काढा की बघणाऱ्यानं तिच्या पाया पडावं." अनवरभाईनं नऊवारी काढली, नथ काढली, कपाळावर चंद्रकोर काढली, गालाला गुलाबी रंग दिला. खाली नाव टाकलं. तेच पोतं, तोच मसाला, तोच अण्णा. आठवड्यात फळी रिकामी.

पुढं सोलापूर, लातूर, तुळजापूर. पुड्यावर आमच्या फोनचा नंबर होता. मी फोन घ्यायचे. बायका म्हणायच्या, "काकूंना द्या ना, त्यांना सांगायचंय, अगदी माझ्या आईच्या हातची चव आहे." मी म्हणायचे, "काकू पूजेला बसल्यात." आई मागं मिरच्यांची देठं खुडत असायची. "किती येळ पूजा करती ही बया," म्हणायची. "काम कोन करनार हिचं? मीच."

तर अशी ही सवत. तिच्यावर आमचं घर चाललं होतं, भीमनगरातल्या आणखी पाच-सहा बाया कामाला होत्या. आणि आता लातूरच्या एका व्यापाऱ्यानं 'देशपांडे काकी' म्हणून तसाच पुडा काढला होता. तीच नऊवारी, तीच नथ. म्हणून वकील, म्हणून ट्रेडमार्क.

"उद्या लातूरवाला नक्कल काढील," दादा वकिलांना सांगत होता, "आणि झेरॉक्स मारून दुकानादुकानात वाटील. देशपांडे काकू म्हणजे भीमनगरातली गयाबाई. झालं. कुलूप लावायचं आम्ही."

"लावू कुलूप," मी म्हणाले. "पण एकदा तरी खरं लिहू. सरकारी कागदावर तरी येऊ दे की हा आईचा आहे."

"सरकारी कागद खाशील?"

वकील आईकडं वळले. "गयाबाई, अर्ज तुमचा आहे. तुम्ही सांगा."

आईनं टेबलावर नमुन्याला ठेवलेला पुडा सरळ केला. "चंदू म्हनतो ते बरोबर हाय," ती म्हणाली. "बाया कामाला हायत. त्यांनी कुटं जायचं?"

"मग खरीखुरी देशपांडे शोधा," वकील म्हणाले. "संमती देणारी."

आईला एक माहीत होती. कुसुमताई देशपांडे. नवरा वारलेला, मुलगा पुण्यात, एकट्या राहायच्या. कांडपावर यायच्या तेव्हा स्टूल न घेता आईबरोबर उभं राहून बोलायच्या. आम्ही गेलो तर त्यांनी आम्हाला आत बसवलं, त्यांच्याच कपांत चहा दिला. सगळं ऐकून त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"अहो गयाबाई, माझी साधी आमटी पातळ होते! हे असते ना, तर पोट धरून हसले असते. मी आणि मसाला!"

"नुसतं नाव द्या, ताई," दादा म्हणाला.

"घ्या की. नावाला काय लागतं? माझ्या नावानं चार घरं चालत असतील तर चालू देत." त्यांनी सही केली. पेन बंद करताना त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "पण गयाबाई, तुम्ही तुमचंच नाव का नाही लावत?"

दादा कपात बघायला लागला. आई म्हणाली, "तुमचं नाव वाचून कुनी हात पुसत न्हाई, ताई."

कुसुमताईंना ते लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. त्यांच्यावर माझा तेव्हाही राग नव्हता, आताही नाही.

घात झाला तो पुढच्या कागदात.

संमतीबरोबर आईचं प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं. वकिलांनी मसुदा केला होता तो दोन ओळींचा. मी अर्जदार, हे नाव मी अमुक सालापासून वापरते, कुसुमताई देशपांडे यांची याला हरकत नाही. बास. दादानं तो वाचला आणि मान हलवली.

"साहेब, हे पटत नाही."

"काय पटत नाही?"

"मुंबईचा साहेब विचार करील ना. देशपांडे बाई ओहोळ बाईला आपलं नाव कशाला देईल? फुकट? त्यात शिकवलं असं टाका. काकूंनी हिला मसाला शिकवला, त्यांच्या सांगण्यावरून ही करते. मग कसं बसतंय बघा."

"चंद्रमणी, याची काहीही गरज नाही. संमती पुरेशी आहे. तिथं जात कुणी विचारत नाही."

"तुम्हाला नाही विचारत, साहेब," दादा म्हणाला.

वकिलांनी मसुदा परत पुढ्यात ओढला, पेन उघडलं, आणि तिथंच आम्ही बुडालो. आपण खरं बोललो तर ते कुणाला खरं वाटणार नाही, ही खात्री आमच्या हाडांत बसलेली आहे. एखादी बाई स्वतःच्या अकलेनं काहीतरी उभं करते, हे सांगायलासुद्धा आम्हाला वरचा कुणीतरी साक्षीला लागतो. दादानं साक्षीदार आणला नाही, त्यानं मालकीणच आणली.

बदललेला मसुदा वाचून मी उठले. "आई, यावर सही करू नकोस. यात लिहिलंय की तुला काही येत नव्हतं. दुसरीनं शिकवलं."

"खाली बस, यशे."

"तुझं आयुष्य गेलं त्या कढईपुढं! डोळे गेले धुरानं! आणि लिहून देतेस की कुसुमताईंनी शिकवलं? त्यांना तर आमटी येत नाही, त्याच म्हणाल्या."

"अगं, कागद हाय त्यो," आई म्हणाली. ती चिडली नव्हती, उलट मलाच समजावत होती. "कागदावर काय बी लिव्हू दे. कागदानं मसाला व्हतोय का? हात तर माझाच हाय. हात कोन काढून नेनार हाय?"

प्रौढ शिक्षणाच्या वर्गात आई सही शिकली होती. तिनं एकेक अक्षर जोर देऊन काढलं. ग. या. बा. ई. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

मुंबईनं सगळं मान्य केलं. सरकारच्या जर्नलमध्ये आमचा पुडा छापून आला, नथीसकट. वकिलांनी समजावून सांगितलं, आता चार महिने थांबायचं, या काळात कुणी विरोध केला नाही तर प्रमाणपत्र मिळतं. मग कुणी नक्कल केली तर सरळ कोर्टात खेचता येतं. दादा इतका खुशीत होता की नव्या पुड्याचा मजकूरही त्यानं लिहून ठेवला.

विरोध आला. शेवटच्या आठवड्यात आला.

विरोध करणाराचं नाव श्रीनिवास देशपांडे. कुसुमताईंचा मुलगा. वकील मजकूर वाचत गेले तसतसा त्यांचा आवाज पडत गेला. म्हणणं असं, की काळ्या मसाल्याची कृती आमच्या आईची. नाव आमच्या आईचं. गयाबाई ओहोळ या तिच्या सांगण्यावरून मसाला तयार करणाऱ्या बाई. त्यांना वापराची परवानगी दिली होती, मालकी दिली नव्हती. ती परवानगीही आता मागं घेतली आहे.

"पुरावा काय म्हणून जोडलाय?" दादानं विचारलं.

वकिलांनी शेवटचं पान उलटून त्याच्यापुढं धरलं. खाली आईची सही होती.

"लातूरवाला आहे यामागं," वकील म्हणाले. "त्याचाच वकील. जर्नल बघून, फाइलची नक्कल काढून त्यानं मुलाला पुण्यात गाठलेलं दिसतंय."

"लढू की मग!"

"लढता येईल. गयाबाईंनी शपथेवर सांगायचं, की आधीची शपथ खोटी होती. कुसुमताईंनी काही शिकवलं नाही. काकू म्हणून कुणी नव्हतीच. मग खोटी शपथ घेतली म्हणून ते वेगळी केस लावतील. ती केसही लढू. पण चंद्रमणी, त्यासाठी तुला जे लपवायचं होतं, तेच ओरडून सांगावं लागेल."

दादानं ते पान पालथं करून टेबलावर ठेवलं.

मी तडक कुसुमताईंच्या घरी गेले. दार मुलानं उघडलं. गोरा, नीटनेटका, बोलायला गोड.

"या ना. यशोधराताई ना तुम्ही? मी येणारच होतो तुमच्याकडं."

"तुमच्या आईनं कधी मसाला केलाय?" मी उंबऱ्याबाहेरनंच विचारलं.

"तुमच्या आईनंच लिहून दिलंय तसं. मी माझं काही लिहिलेलं नाही."

आतनं कुसुमताईंचा आवाज आला. "श्रीनिवास, अरे मी त्यांना काही शिकवलं नाही. किती वेळा सांगू तुला?"

"आई, तू पड. सही केलीयेस ना तू? मग झालं तर." मग माझ्याकडं वळून तो म्हणाला, "हे बघा, भांडण नकोय आपल्याला. मावशींचा हात चांगला आहे, मला मान्य आहे. त्यांनी आमच्याकडं यावं. पगार देऊ, मान देऊ. त्यांनी फक्त करायचं, बाकी डोक्याला ताप आमच्या."

कुसुमताई दारापर्यंत आल्या. भिंतीला धरून उभ्या राहिल्या. माझ्याकडं बघून त्यांनी हात जोडले. एका म्हाताऱ्या बाईचे जोडलेले हात घेऊन मी काय करणार होते?

घरी येऊन मी सगळं सांगितलं. दादा म्हणाला, "आई, जावं लागेल. दुसरं काय आहे?"

आई कढईजवळ होती. तिनं झारा खाली ठेवला.

"म्या जात न्हाई."

"आई..."

"न्हाई म्हनले ना? नाव नेलं, नेऊ दे. ती बया तशी बी माझी नव्हती. नथ घालून बसली व्हती नुसती." तिचा आवाज चढला, मला बरं वाटलं. "पर मसाला कोन करनार त्यांचा? लातूरवाला? त्याला दगडफूल कंचं, नागकेशर कंचं, ठावं तरी हाय का? आठ दिवसांत लोक थुकतील तोंडातलं. मग बग कशी येतील हुडकत. चंदू, अर्ज काढून घे. आन पुड्यावर माझं नाव टाक. गयाबाई ओहोळ. मोठं टाक."

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या आईचा असा अभिमान वाटला. मीच छापखान्यात गेले. चित्र नाही, नथ नाही. नुसतं नाव, मोठ्या अक्षरांत.

लातूरवाल्याचा मसाला बाजारात आला तेव्हा दादानं एक पुडा आणला. आमचंच जुनं चित्र, खाली नवी ओळ, 'अस्सल देशपांडे काकू'. आईनं पुडा फोडला, चिमूट जिभेवर ठेवली आणि हसायला लागली. "खोबरं करपवलंय! धन्याचा भुसा हाय गं ह्यात. मिरची तर गेल्या सालची. हॅ, हॅ, हे खातील लोक?" तिनं ते शेजारच्या बायांनाही चाखायला दिलं. सगळ्या हसल्या. त्या दिवशी आमच्या घरात सणासारखं वाटलं.

मग आम्ही वाट बघत बसलो.

फोन येईनासे झाले. बाया एकेक करत दुसरीकडं कामाला गेल्या, आईनं कुणाला अडवलं नाही. दुकानदार दादाला लांबनं बघून आत जायला लागले. आई म्हणायची, "जुना साठा आसंल लोकांकडं. संपला की येतील." साठा संपायचा काळ गेला. पावसाळा गेला, दिवाळी गेली. आमच्या नावाचे पुडे ज्या दुकानात ठेवले तिथंच राहिले.

कुदळे अण्णांनी निरोप धाडला, माल घेऊन जा, उंदीर लागतायत. आई म्हणाली, मी येते. मी आणि ती गेलो. अण्णांनी आमचे पुडे पोत्यात भरून कडेला ठेवले होते. त्यांना वाईट वाटत होतं, त्यांनी आईला बसायला खुर्ची दिली. समोरच्या फळीवर काकू ओळीनं उभ्या होत्या.

तेवढ्यात एक बाई आली. चांगली तब्येतीची, हातात पिशवी. "अण्णा, काकूंचा मसाला द्या. दोन द्या."

अण्णांनी आमच्याकडं न बघता पुडे काढले. आई खुर्चीतनं उठली.

"बाई," ती म्हणाली, "एक इचारू का? तुमी ह्यो मसाला लई दिवस वापरता?"

"हो, वर्षानुवर्षं. आमच्याकडं दुसरा चालतच नाही."

"मग आता चवीत काय फरक पडलाय का वो?"

मी आईचा हात धरला. ती बाई जरा विचार करून म्हणाली, "फरक? छे. उलट आता जास्त छान लागतो. मध्ये म्हणे कुणी दुसरंच करत होतं त्यांच्या नावावर, तेव्हा जरा उग्र लागायचा. आता कसा, घरचा वाटतो." पुडे पिशवीत टाकून, सुटे पैसे घेऊन ती गेली.

अण्णा म्हणाले, "गयाबाई, चहा सांगू?"

आई नको म्हणाली. पोतं मी उचललं. रस्त्यानं ती पुढं चालत राहिली. मला बोलायचं होतं, शिव्या द्यायच्या होत्या. त्या बाईला, तिच्या जिभेला, साऱ्या गावाला. मला ते तिथंच कळून चुकलं होतं. यांनी कधी मसाला खाल्लाच नव्हता. आईनं सोनं घातलं तेव्हाही यांनी आडनाव खाल्लं, आणि आता भुसा घातला तरी आडनावच खातायत. सगळी धडपड आम्ही कुलपाची करत होतो, आणि घरात चोरी होण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

घरी आल्यावर आईनं वांग्याचं कालवण टाकलं. दोन चमचे मसाला घातला, उकळी आल्यावर पळीत घेऊन चाखलं. परत चाखलं. थोडा मसाला आणखी घातला. परत चाखलं. माझ्या जन्मात मी तिला कालवण दुसऱ्यांदा चाखताना बघितलं नव्हतं.

"यशे, बग गं जरा."

मी तळहातावर घेऊन चाटलं. "एक नंबर झालंय."

"नीट बग. उग्र लागतंय का?"

"नाही, आई."

"तू माझी लेक हाइस. तू काय सांगनार."

"आई, ती बाई खोटारडी आहे. तिला काही कळत नाही."

"येक बाई व्हय? समदं गाव हाय की." पळी हातात धरून ती वाफेकडं बघत होती. मग मान वर न करता तिनं विचारलं, "खरं सांग. माझ्या हाताला चव व्हती का गं?"

मी हो म्हणाले. ओरडून म्हणाले, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्यानं. दादा बाहेरनं आत आला, तोही म्हणाला.

आईनं भांड्यावर झाकण ठेवलं आणि गॅस बंद केला. कालवण अजून शिजायचं होतं.